वादळाआधीचे सहा इंच: टग हिलवरील एका स्नोमोबाइल क्लबचे प्रकरण

पार्श्वभूमी

ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्व किनाऱ्यापासून थोडे आत गेले की न्यू यॉर्क राज्यातील जमीन हळूहळू चढू लागते आणि सुमारे 2,000 फुटांच्या उंचीवर सपाट होते. या भागाला टग हिल पठार म्हणतात. वस्ती विरळ आहे; दाट जंगल, दुग्धव्यावसायिकांची चाऱ्याची शेते, पाकासाठी राखलेल्या मेपलच्या राया आणि यांच्या मधूनमधून पसरलेले दलदलीचे पट्टे, असे येथील भूमीचे स्वरूप आहे. हिवाळ्यात या पठाराच्या बऱ्याच भागात 200 इंचांहून अधिक बर्फ पडतो. हूकर या ठिकाणी 1976–77 च्या हंगामात 466.9 इंच बर्फाची नोंद झाली आणि फेब्रुवारी 2007 मध्ये रेडफील्ड येथे एकाच लांबलेल्या वादळात 141 इंच बर्फ पडला. जानेवारी 1997 मध्ये मॉन्टेग्यू येथे 24 तासांत 77 इंच बर्फ मोजला गेला, परंतु ठरलेल्या पद्धतीपेक्षा जास्त वेळा मोजमाप घेतल्यामुळे तो राष्ट्रीय विक्रम म्हणून मान्य झाला नाही. येथील स्नोमोबाइलवाले पहिले अर्धे वाक्य नेहमी सांगतात, दुसरे सहसा गाळतात.

स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या छोट्या मोटारवाहनाला, येथे सर्वजण ‘स्लेड’ म्हणतात आणि पुढेही तोच शब्द वापरला आहे.

या बर्फाचे मूळ सरोवरात आहे. ऑन्टारिओ खोल असल्यामुळे ते ईरी सरोवरासारखे पूर्ण गोठत नाही. कॅनडाकडून येणारी थंड हवा त्याच्या पृष्ठभागावरून वाहते, तेव्हा पाणी आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील हवा यांच्या तापमानात 13 अंश सेल्सियसच्या आसपास किंवा अधिक फरक असला, की हवा उष्णता व बाष्प उचलते आणि ढगांचा एक लांब, अरुंद पट्टा तयार होतो. वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडून वाहत असेल तर हा पट्टा थेट पठारावर येतो, चढावर आणखी वर ढकलला जातो आणि तासाला दोन-तीन इंच या वेगाने बर्फ टाकू लागतो. पट्ट्याची रुंदी अनेकदा पंधरा-वीस किलोमीटरच असते. वाऱ्याची दिशा थोडी बदलली, की एका गावात छपरे गाडली जातात आणि शेजारच्या गावात गवत दिसत राहते. त्यामुळे ‘मोठे वादळ येणार’ या वाक्याला येथे नेहमी ‘कोणाकडे?’ हा प्रश्न जोडलेला असतो.

ट्रेल, म्हणजे स्लेडचे आखलेले मार्ग, मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक राखतात. स्लेडच्या वार्षिक नोंदणी शुल्कातून राज्याकडे निधी जमतो आणि तो काउंट्यांमार्फत, म्हणजे जिल्ह्यांमार्फत, क्लबांपर्यंत येतो. क्लबचा सदस्य असलेल्याला हे शुल्क सवलतीत भरता येते. बहुतेक मार्ग खासगी जमिनीतून जातात. जमीनमालक भाडे घेत नाहीत, दरवर्षी परवानगी देतात आणि ती कधीही काढून घेऊ शकतात. हरणांच्या शिकारीचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे डिसेंबर उजाडेपर्यंत, मार्ग उघडायचे नसतात, मग बर्फ कितीही पडो.

ज्या क्लबचे हे प्रकरण आहे, त्याच्याकडे सुमारे 60 मैलांचे मार्ग आहेत. त्याचे नाव, गावाचे नाव आणि वर्ष येथे मुद्दाम दिलेले नाही. मी त्या क्लबच्या कार्यकारिणीत आहे आणि मार्गांच्या स्थितीची सूचना लिहून प्रसृत करण्याचे काम माझ्याकडे आहे. म्हणजे पुढे वर्णन केलेल्या चुकांपैकी एक माझ्या हातून लिहिली गेली आहे.

समस्या

आधीचा हंगाम कोरडा गेला होता. असे हंगाम आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. 2023–24 चा हिवाळा तर अमेरिकेच्या अलास्का व हवाई वगळता उरलेल्या 48 राज्यांच्या नोंदींतील सर्वांत उबदार ठरला. कोरड्या हंगामानंतर येथील माणसे ज्या नजरेने आकाशाकडे पाहतात, ती मी मराठवाड्यात जून महिन्यात पाहिलेली आहे. हजारो डॉलरांच्या स्लेड वर्षभर आच्छादनाखाली पडून होत्या, मोटेलमालकांनी कर्जाचे हप्ते कसेबसे भरले होते आणि क्लबचे सदस्य कमी झाले होते. हे प्रकरण घडले त्या वर्षीचा नोव्हेंबर उबदार व पावसाळी होता. दलदली तुडुंब भरल्या होत्या आणि जमीन कोठेही गोठलेली नव्हती.

शिकारीचा हंगाम रविवारी संपला. सोमवारी सहा इंच बर्फ पडला. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. मंगळवारी हवामान खात्याच्या बफलो कार्यालयाने आठवड्याच्या अखेरीस मोठ्या सरोवरी हिमवर्षावाची शक्यता वर्तवली आणि बुधवारी इशारा जारी झाला: गुरुवार रात्रीपासून शनिवार सकाळपर्यंत, पट्टा जेथे टिकेल तेथे तीन ते चार फूट. त्यानंतरच्या छत्तीस तासांत गावात जे घडले, त्याला उत्सवच म्हणावे लागेल. दुरुस्तीच्या दुकानासमोर स्लेडची रांग लागली, पेनसिल्व्हेनिया व न्यू जर्सीतून खोल्यांची आरक्षणे येऊ लागली, किराणा दुकानातील पाव संपला. क्लबच्या ट्रेलप्रमुखाचा फोन दर पाच मिनिटांनी वाजत होता आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: शनिवारी उघडणार ना?

प्रश्न सरळ वाटतो, परंतु त्याचे उत्तर बर्फावर अवलंबून नव्हते. सरोवरी बर्फ अतिशय हलका असतो. साधारण बर्फाच्या दहा इंचांत एक इंच पाणी धरतात. येथे अनेकदा वीस ते तीस इंच बर्फ वितळवावा तेव्हा एक इंच पाणी मिळते. असा तीन फूट भुगा स्लेडखाली दाबला गेला की त्याचा जेमतेम वीतभर थर उरतो. शिवाय त्यात अडकलेली हवा गोधडीसारखे काम करते. जमीन आधी गोठलेली असेल तर गोधडी तिची थंडी जपते; जमीन ओली व उबदार असेल तर तीच गोधडी तिला गोठू देत नाही. म्हणजे न गोठलेल्या दलदलीवर मोठे वादळ आले की दलदल झाकली जाते, परंतु बंद होत नाही. उलट पुढचे कित्येक दिवस ती उघडीच राहण्याची सोय होते.

आमच्या मार्गजाळ्याचे तीन भाग आहेत. उत्तरेचा भाग जंगलातल्या पक्क्या वाटांवरून आणि हिवाळ्यात बर्फ न काढल्या जाणाऱ्या हंगामी रस्त्यांवरून जातो. त्याची जमीन टणक आहे. मधला भाग तीन ठिकाणी दलदल ओलांडतो. दक्षिणेचा भाग शेतांच्या कडेने गावात उतरतो, जेथे मोटेल, उपाहारगृह आणि पेट्रोल पंप आहे. मधला भाग म्हणजे उंबरठा. तो बंद असला तर उत्तरेचे गावाशी नाते तुटते.

समोर असलेले पर्याय

गुरुवारी संध्याकाळी, वादळाचा बर्फ पडू लागण्यापूर्वी, कार्यकारिणीची बैठक अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत झाली. सात जण होते. मोटेलमालक स्वतः कार्यकारिणीचे सदस्य आहेत, ही बाब नोंदवणे आवश्यक आहे, कारण तिचा उल्लेख त्या बैठकीत कोणीही केला नाही.

पहिला पर्याय सर्व मार्ग शनिवारी सकाळी उघडण्याचा होता. त्यामागचा युक्तिवाद असा की इतक्या बर्फात लोक येणारच. मार्ग उघडा असला तर ते निदान आखलेल्या वाटेवर राहतील. हा मुद्दा हास्यास्पद नाही. बंद मार्गावरील स्लेडवाला नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे जातो, आणि याचा प्रत्यय पुढे आम्हाला आलाच.

दुसरा पर्याय काहीच न उघडण्याचा होता. अध्यक्षबाईंचा कल याकडे होता. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या गाई आहेत, आणि ओल्या शेतात यंत्र घातले की काय होते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. मराठीत त्यासाठी ‘वापसा’ हा नेमका शब्द आहे. जमीन पाय आणि औत पेलण्याजोगी झाल्याखेरीज शेतात उतरू नये, एवढा सगळा अर्थ त्यात मावतो. इंग्रजीत त्या संध्याकाळी त्यांना ते पाच-सहा वाक्यांत मांडावे लागले आणि तोवर समोरच्यांचे लक्ष खिडकीबाहेर गेले होते.

तिसरा पर्याय केवळ उत्तरेचा भाग उघडून दलदलीच्या तोंडाशी अडथळे उभारण्याचा होता. तडजोड म्हणून तो सर्वांना पटला. चौथी एक सूचना आली होती की दलदल टाळून तळ्यावरून वाट काढावी. ती दोन मिनिटांत फेटाळली गेली आणि ते योग्यच झाले. स्लेडसाठी तळ्याचे पाणी गोठून बनलेला किमान पाच ते सात इंच स्वच्छ, टणक बर्फ लागतो आणि बर्फ पांढरा, हिममिश्रित असेल तर त्याच्या दुप्पट. त्या दिवशी तळ्यावर दोन इंचही नव्हता आणि वरून पडणारा भुगा तो वाढू देणार नव्हता.

ठराव तिसऱ्या पर्यायाचा झाला. दलदलीची तपासणी शनिवारी पहाटे दोघांनी पायी जाऊन करावी, असेही ठरले. बैठक संपल्यावर, बाहेर वाहनतळावर, ट्रेलप्रमुखाने मोटेलमालकांना सांगितले की शनिवार दुपारपर्यंत मधला भागही ‘बहुधा’ उघडेल. मोटेलमालकांनी रात्री तेरा खोल्यांच्या आरक्षणांना होकार देताना हा ‘बहुधा’ पुढे कळवला नाही.

प्रत्यक्ष कृती

ढगांचा पट्टा आमच्यावर आला आणि टिकला. शुक्रवारी सकाळी माझ्या अंगणातील टपालपेटीचा खांब दिसत नव्हता, फक्त वरची लाल पताका दिसत होती. शुक्रवारी रात्री अकरा वाजता ट्रेलप्रमुख आणि ग्रूमरचा चालक यांचे फोनवर बोलणे झाले. ग्रूमर म्हणजे रुंद पट्ट्यांवर चालणारे जड यंत्र. त्याच्या मागे ओढला जाणारा ड्रॅग उंचवटे कापतो, बर्फ घुसळतो आणि दाबतो, आणि मग तो मार्ग थंडीत काही तास स्वस्थ ठेवावा लागतो, म्हणजे तो जमतो. म्हणूनच हे काम रात्री करतात. दोघांचे असे ठरले की उत्तरेचा भाग करता करता दलदलीचे पहिले तोंडही करून पाहावे. दाबला गेला तर गोठेल. कल्पना मुळात चुकीची नाही. दाबलेल्या बर्फातून थंडी खाली उतरते, हे खरे आहे. परंतु ते काम हलक्या स्लेडने, कमी बर्फ असताना करायचे असते. ड्रॅगसह आठ टनांच्या आसपास भरणाऱ्या यंत्राने, 40 इंच भुग्याखाली काय आहे हे न पाहता ते करणे ही निराळी गोष्ट आहे.

पहाटे दोनला ग्रूमरचा डावा पट्टा खचला.

मी सहा वाजता तेथे पोचलो. यंत्र एका बाजूला कलंडून दिवे लावून उभे होते आणि पट्ट्याच्या बाजूने काळे पाणी बर्फात चढत होते. चालकाला इजा झाली नव्हती. आम्ही तपासणीसाठी आणलेली सहा फुटी लोखंडी सळई ग्रूमरपासून दहा पावलांवर खाली घातली. ती दाबावी लागली नाही. हात सैल सोडला तरी ती 38 इंच गेली, किंचित अडखळली आणि पुन्हा हातभर आत सरकली. बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला चिखल होता आणि त्यातून वाफ निघत होती. बाहेरचे तापमान उणे 11 अंश होते.

या क्षणी दुसरा निर्णय घ्यायचा होता: उत्तरेचा भाग तरी उघडावा का? ग्रूमर अडकल्यामुळे त्यातील निम्माच मार्ग दाबला गेला होता. गाड्या मात्र येऊन उभ्या होत्या. वाहनतळावर मी स्लेड वाहून आणणाऱ्या ओढगाड्या मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिली. अध्यक्षबाई, ट्रेलप्रमुख आणि मी अशा तिघांनी तेथेच उभे राहून ठरवले की उघडावा. मी सूचना लिहिली. ‘उत्तर भाग खुला. मधला भाग दलदलीमुळे बंद. अडथळे ओलांडू नयेत.’ तिन्ही वाक्ये खरी होती. चौथे वाक्य, ‘या भागात पेट्रोल नाही,’ मला सुचले नाही.

खोल भुग्यात स्लेडला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इंधन लागते. दुपारी दोनच्या सुमारास उत्तरेत फिरणाऱ्या अनेकांच्या टाक्या तळाला गेल्या. पंप गावात, चार मैलांवर, दलदलीच्या पलीकडे. परत वाहनतळावर जाण्याचे अंतर त्याहून जास्त होते. काही जण अडथळ्याशी थांबले, बंदची पाटी वाचली, आणि तिचा अक्षरशः मान राखून अडथळा न ओलांडता त्याच्या पूर्वेकडून वळसा घालून गेले. एका स्लेडचा माग पडला की तो पुढच्याला वाट वाटतो. संध्याकाळपर्यंत तेथे रुंद, दाबलेला रस्ता तयार झाला होता. तो रस्ता एका वयस्कर दुग्धव्यावसायिकाच्या मेपलच्या राईतून आणि त्यांच्या लसूणघासेच्या शेतातून गेला होता.

मेपलच्या राईत रस गोळा करण्यासाठी झाडांना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या वर्षभर ताणलेल्या असतात. एरवी त्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर येतात. तीन-साडेतीन फूट बर्फावरून जाणाऱ्या स्लेडच्या बरोबर पुढ्यात येतात. एका स्वाराची मान थोडक्यात वाचली. लसूणघासेचे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. तिच्यावर बर्फ सैल असेल तर मुळे सुरक्षित राहतात. तो दाबला गेला, वितळून पुन्हा गोठला, की खालच्या रोपाचा श्वास कोंडतो आणि ते वसंतात उठत नाही.

रविवारी सकाळी अध्यक्षबाई आणि मी त्या दुग्धव्यावसायिकांकडे गेलो. त्यांनी आम्हाला गोठ्यात बोलावले, काम थांबवले नाही. थोड्या वेळाने हातमोजा काढला, खिशातून निळ्या नळीचा वीतभर तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. आत बर्फाची काडी गोठलेली होती. ते म्हणाले, “बावीस वर्षे तुम्हाला जाऊ दिले. एकदा तरी फोन करायचा होता, काल सकाळी.” आम्ही माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि दुपारी शेताच्या दोन्ही टोकांना खांब ठोकून तार ओढली.

परिणाम

ग्रूमर शनिवारी संध्याकाळी लाकूडतोडीच्या एका ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढला. पट्ट्याची दुरुस्ती आणि ओढणावळ मिळून क्लबच्या वर्षभराच्या डिझेलच्या खर्चाच्या निम्म्याहून अधिक रक्कम गेली. मोटेलच्या तेरा खोल्यांपैकी नऊ जणांनी पुढची आरक्षणे रद्द केली. ट्रेलप्रमुखाने राजीनामा देऊ केला. तो स्वीकारला गेला नाही, आणि माझ्या मते ते योग्य झाले, कारण त्या रात्री त्याला ‘नको’ म्हणू शकणारा दुसरा माणूस फोनवर असावा अशी व्यवस्था क्लबनेच केलेली नव्हती.

आमची नेहमीची वाटही त्यांच्याच जमिनीतून जात असे; ती बंद झाल्यामुळे मधला आणि दक्षिणेचा भाग एकमेकांपासून तुटले. आता दलदल गोठली तरी गावात पोचता येणार नव्हते. अखेर नगर मंडळाने रस्त्याच्या कडेचा एक छोटा टप्पा स्लेडसाठी खुला केला. ती वाट कुरूप आहे, तिच्यावर वाळू आणि मीठ येते, स्लेडच्या पट्ट्या झिजतात, आणि स्वार तिच्याबद्दल जे बोलतात ते येथे लिहिण्यासारखे नाही.

बर्फाचे पुढे काय झाले, हे थोडे विलक्षण आहे. त्यानंतरच्या गुरुवारी तापमान चढले आणि दिवसभर रिमझिम पाऊस झाला. गावात सुतकी वातावरण पसरले. ज्याची वर्षभर वाट पाहिली तो बर्फ डोळ्यांदेखत 44 इंचांवरून 15 वर आला. परंतु याच पावसाने भुग्याचा ओला, जड थर केला, गोधडी दबली, आणि त्यामागून सलग सहा रात्री उणे 15 च्या खाली गेल्या. त्या सहाही रात्री चार स्वयंसेवक हलक्या स्लेड घेऊन दलदलीची तिन्ही तोंडे पुन्हा पुन्हा दाबत होते. सातव्या सकाळी सळई अर्ध्या वितीवर थांबली आणि टणत्कार झाला. वादळानंतर तेराव्या दिवशी मधला भाग उघडला आणि फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत उघडा राहिला. वादळासाठी पेनसिल्व्हेनियाहून आलेल्यांपैकी किती जण तेव्हा परत आले, ते मोजलेले नाही. वाहनतळ भरलेला नव्हता, एवढे खरे.

काय वेगळे करता आले असते

एप्रिलमध्ये कार्यकारिणीने सगळा घटनाक्रम पुन्हा कागदावर मांडला. सर्वांचे लक्ष प्रथम शुक्रवारच्या रात्रीवर गेले, कारण खचलेले यंत्र डोळ्यांना दिसते. ग्रूमर दलदलीत घालण्याचा निर्णय बैठकीतील ठरावाच्या विरुद्ध होता, दोघांनी फोनवर घेतला होता आणि तपासणीच्या आधी घेतला होता. आता नियम असा आहे की सळईची नोंद वहीत असल्याखेरीज ग्रूमर दलदलीच्या पाट्यांपलीकडे जाणार नाही. हा नियम सोपा आहे आणि तो आधीच असायला हवा होता.

अर्धवट उघडण्याचा निर्णय मात्र मला आजही पूर्ण चुकीचा वाटत नाही. चूक त्याच्या आखणीत होती. आम्ही जमिनीचा विचार करून मार्ग तोडला. स्वार मात्र पेट्रोल, जेवण आणि परतीची वाट यांचा विचार करून मार्ग पाहतो. उत्तरेचा भाग उघडायचाच होता, तर वाहनतळावर ‘इंधन नाही, टाकी अर्धी होताच परत फिरा’ अशी पाटी हवी होती, आणि अडथळ्याशी फळीऐवजी माणूस हवा होता. शनिवारी दुपारी तेथे दोन स्वयंसेवक चार तास उभे राहिले असते, तर नळ्या कापल्या गेल्या नसत्या. स्वयंसेवक कोठे होते? ग्रूमर ओढत होते. एका चुकीने दुसरीच्या जागची माणसे खाल्ली. आणि जमीनमालकांना एक फोन, ‘आज गर्दी आहे, मधला भाग बंद आहे, तुमच्याकडे लोक वळू शकतात,’ इतकाच, माझ्याकडून व्हायला हवा होता. परवानगीपत्रांची फाइल माझ्याच कपाटात आहे.

मोटेलमालकांच्या दुहेरी भूमिकेबद्दल कार्यकारिणीत एकमत झाले नाही. काहींच्या मते व्यवसाय असलेल्यांनी मार्ग उघडण्याच्या मतदानात भाग घेऊ नये. इतरांचे म्हणणे असे की या गावात ज्याचा बर्फाशी व्यवहार नाही असा माणूस कार्यकारिणीसाठी सापडणार नाही. दोन्ही बाजू बरोबर आहेत. तूर्त एवढेच ठरले की तारीख फक्त लेखी सूचनेतून जाहीर होईल आणि वाहनतळावर कोणीही ‘बहुधा’ म्हणणार नाही.

परंतु घटनाक्रम पाहताना सर्वांत जास्त वेळ आम्ही ज्या नोंदीवर थांबलो, ती सोमवारची होती: बर्फ, सहा इंच. मंगळवार आणि बुधवार या दोन्ही रात्री तापमान उणे 9 ते उणे 10 होते आणि आकाश निरभ्र होते. शिकारीचा हंगाम संपलेला असल्यामुळे मार्गांवर जाण्यास मनाई नव्हती. त्या दोन रात्री तीन-चार हलक्या स्लेडनी दलदलीवरचे सहा इंच दाबून त्याचे दोन इंच केले असते, तर मोठ्या बर्फाची गोधडी पडण्यापूर्वी खाली गोठलेली साय धरली असती. ग्रूमर पेलेल इतकी नव्हे, हे मान्य केले पाहिजे; ओलांडण्यास योग्य झाली असती का, हेही सांगता येत नाही. पण नंतरची तेरा दिवसांची प्रतीक्षा बरीच कमी झाली असती, असे बैठकीतील प्रत्येकाचे मत पडले. मंगळवारी आणि बुधवारी आम्ही काय करत होतो, तेही वहीत आहे. दोघे जण स्लेडचे पट्टे बदलत होते. एक जण मोटेलच्या अंगणात शेकोटीसाठी लाकडे रचत होता. ट्रेलप्रमुख फोन घेत होता. मी वादळाच्या पट्ट्याचे नकाशे पाहत रात्री एकपर्यंत जागा होतो, आणि मधूनमधून बाहेर जाऊन आकाश किती स्वच्छ आहे ते पाहत होतो.

मराठवाड्यात पहिल्या सरीवर पेरणाऱ्याला दुबार पेरणीची भीती असते. त्याची चूक घाईची असते. आमचे नेमके उलटे झाले होते. पहिली सर आम्ही मोजलीच नाही.

ऑक्टोबरमध्ये परवानगीपत्रे नव्याने भरली गेली. दुग्धव्यावसायिक गृहस्थांच्या शेतातील लसूणघासेचा, दाबलेल्या रस्त्याच्या रुंदीचा, सरळ रेषेतला पट्टा मे महिन्यात उठला नव्हता; त्यांनी तो नांगरून तेथे मका लावला होता. क्लबने नळ्यांचा आणि बियाण्याचा खर्च दिला. त्यांनी पत्रावर सही केली, परंतु छापील मजकुराखाली पेनने दोन अटी लिहिल्या: वाट राईच्या बाहेरून, पश्चिम कुंपणाने जाईल, आणि मार्ग उघडण्याच्या दिवशी सकाळी सातच्या आत त्यांना फोन केला जाईल. पश्चिम कुंपणाने जायचे तर एक ओढा लागतो. त्यावरचा लाकडी पूल अजून अर्धा बांधून झाला आहे.